गोरोबाच्या विहिरीवरचा डबा

मंगळवारी सकाळी दहा वाजता बेंबळीच्या शिवारातली लाईट गेली आणि दहा वाजून दहा मिनिटांनी गोरोबा त्याच्या विहिरीवर मेला. गावाला हा क्रम मान्य नव्हता. लाईट नसताना माणूस करंटनं मरत नाही. म्हणजे मधेच कुणीतरी लाईट सोडली असणार, आणि सोडणारा एकच होता, लाईनमन महांतेश.

आमच्याकडे मोटरीचं काम लाईट गेल्यावरच करतात. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज काढायचा तर दीड किलोमीटर चालत जावं लागतं, आणि एका डीपीवर पंधरा जणांच्या मोटरी असल्यामुळं फ्यूज काढला की चौदा जणांचे फोन येतात. म्हणून स्टार्टरमधली वायर सैल झाली, जळाली, तर लोक लाईट जायची वाट बघतात. लाईट गेली की शिवारात ठिकठिकाणी पेट्या उघडल्या जातात. महांतेशनं त्या दिवशी सकाळी गावाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, ‘सुबाभळीच्या फांद्या तोडणे आहे. १० ते ११ लाईन बंद राहील.’ गोरोबानं त्याखाली अंगठा टाकला होता. तो अजून तिथं आहे.

मी बेंबळीतच ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आई आणि धाकटा भाऊ शिवशंकर यांच्याबरोबर राहते. शिवाचं स्टँडजवळ मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. गुरुवारी गोरोबाची राख सावडून झाली, आणि दुपारी मी आईबरोबर त्याच्या घरी गेले.

नागूबाई भिंतीला टेकून बसली होती. गोरोबाची बायको. तिला वाचता येत नसे, म्हणून गोरोबा ग्रुपवरचे सगळे मेसेज तिला मोठ्यानं वाचून दाखवायचा, ‘शुभ सकाळ’सकट. लोक त्याला त्यावरून चिडवायचे. आता तीच प्रत्येक येणाऱ्याला मंगळवारची सकाळ सांगत होती, आणि प्रत्येक वेळी त्याच शब्दांत.

“सकाळी दोनदा बटन दाबलं त्यांनी. मोटर नुसती घूं करायची, उचलत न्हवती. मग म्हणले, ऱ्हाऊ दे, दहाला लाईट जाणार हाय, तवा बघू. चहा पेलो. गिरणीचा आवाज बंद झाला तसं म्हणले, गेली बघ. थोड्या येळानं डब्याचं झाकण काढलं. स्क्रू माझ्या हातात दिले, गवतात पडले तर घावायचे न्हाईत म्हणून. चार स्क्रू. वायर निघंना म्हणून दोन्ही हात आत घातले.”

इथं ती थांबायची आणि तळहात उघडून बघायची.

“लाईट परत आली व्हती का गं?” आईनं विचारलं.

“आली असंल की, तुळजाकाकू. आली न्हाय तर मेले कसे?”

“गिरणीचा आवाज परत आला होता का?” मी विचारलं.

उत्तर गोरोबाच्या थोरल्या भावानं दिलं. रामकिसन दारातच उभा होता. “मॅडम, घरातला माणूस पडल्यावर गिरणीकडं कान द्यायला कुणाला सुचतंय?”

मग तोच जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “तुमी शिकलेल्या हाव. एक अर्ज लिवून द्या पोलिसात. लाईनमननं निष्काळजीपणानं लाईन सोडली. त्याला नुसतं इचारून सोडून दिलंय त्यांनी. गावात फिरतोय बघा, खांबावर चढायचा पट्टा मानंत अडकवून सायकलीवर, जसं काय झालंच न्हाय.”

“आधी जागा बघते,” मी म्हणाले. “अर्जात चूक राहायला नको.”

विहीर घरापासून पाच मिनिटांवर होती. स्टार्टर खोलीत होता, पण कंडेन्सरचा डबा बाहेर निंबाच्या खोडाला टांगलेला. पत्र्याचा, हिरव्या रंगाचा. पोलिसांनी पंचनाम्यात ‘पेटी एक’ असं लिहून तो तसाच ठेवला होता.

विहिरीवरची मोटर तीन तारांवर चालते. दिवसा आमच्या शेतीच्या लाईनवर दोनच तारांत करंट असतो, तिसरीतला रात्री येतो. रात्री चिखलात जायला कुणी तयार नसतं. म्हणून लोक दिवसा दोन तारांवरच मोटर ओढतात आणि तिसरीची नक्कल करायला कंडेन्सर लावतात. पुस्तकात ज्याला कपॅसिटर म्हणतात, तोच हा. मोटर उचलताना, म्हणजे सुरू होताना, जोर जास्त लागतो, म्हणून त्यासाठी पाच कंडेन्सर शेजारी शेजारी जोडलेले असतात, एका बटनावर. बटन दाबून धरायचं, मोटरनं वेग घेतला की सोडायचं. बटन सोडलं की ते पाचही बाकी सगळ्यापासून तुटतात, आणि त्या क्षणी त्यांच्यात जे असेल ते त्यांच्यातच राहतं.

कंडेन्सरमध्ये बघण्यासारखं फार नसतं. मागच्या वर्षी शिवानं मला वर्गासाठी एक जुना कापून दिला होता. ॲल्युमिनियमच्या डब्यात तेल, आणि तेलात प्लास्टिकच्या पातळ पट्टीची घट्ट गुंडाळी. पट्टीवर धातूचा थर, इतका पातळ की बोटानं पुसला जातो. मुलींनी ती व्हरांड्यात उलगडली तेव्हा व्हरांडा संपला तरी पट्टी संपली नाही. धातूचे असे दोन थर, मधे प्लास्टिक. एका थरावर भार साठतो, दुसऱ्यावर त्याच्या उलटा. दोन्ही एकमेकांना ओढून धरतात, पण मधलं प्लास्टिक त्यांना भेटू देत नाही. किती भार मावेल ते तीन गोष्टींवर ठरतं : थरांचं क्षेत्रफळ, त्यांच्यातलं अंतर आणि मधला पदार्थ. क्षेत्रफळ जास्त तर जास्त मावतं, अंतर कमी तर जास्त मावतं. पाच कंडेन्सर शेजारी शेजारी जोडले की क्षेत्रफळाची बेरीज होते. हे मी अकरा वर्षं शिकवते आहे.

डबा उन्हात टांगला की तेल तापतं, प्लास्टिकला बारीक भोकं पडतात, भोकाभोवतीचा धातू जळून जातो. क्षेत्रफळ कमी होतं. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त मोटर उचलत नाही. गोरोबाची मोटर त्यामुळंच घूं करत होती.

मी झाकण बाजूला केलं. पाच कंडेन्सर, प्रत्येकावर बहात्तरचा आकडा. प्रत्येकाच्या दोन टोकांमध्ये एक छोटा रेझिस्टर असतो. करंट तुटल्यावर साठलेला भार त्यातून हळूहळू उतरतो आणि मिनिटाभरात कंडेन्सर रिकामा होतो. एवढंच त्याचं काम. या पाचांवर तो नव्हता. कटरनं पाय कापलेले दिसत होते, दोन दोन मिलिमीटरचे खुंट टोकांवर उरले होते.

मी पिशवीतला स्क्रूड्रायव्हर काढून टोकांवर आडवा टेकवला. ठिणगी पडली नाही. आत होतं ते मंगळवारीच गेलं होतं.

वायरींची जुडी सुती फितीनं बांधलेली होती, तीन वेढे आणि टोक आत खोचून वर वॉर्निश. असं बांधणारा आमच्या गावात एकच आहे.

“काय लिवायचं मग?” माझ्याबरोबर आलेल्या रामकिसननं विचारलं.

“उद्या देते लिहून,” मी म्हणाले.

शिवा दुकानात एकटाच होता. समोर एक मोटर उघडी, जळलेली तार उपसून काढत होता.

“गोरोबाचा डबा तू केलास?”

“व्हय. का गं, अक्का?”

“रेझिस्टर कुठंयत?”

त्यानं पक्कड खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं.

“काढले,” तो म्हणाला. “पाव वॅटचे व्हते. माल बनवणाऱ्यानंच हलके टाकलेले. आठ दिवसांत काळे पडायचे, वास यायचा. लोक डबा माघारी आणायचे. शिवा, तुजा डबा जळतोय, शिवा, तुजा डबा मुततोय. काय काय बोलायचे. म्हणून काढायला लागलो. आन् काढायच्या आधी म्या तुला इचारलं व्हतं.”

विचारलं होतं. डिसेंबर महिना होता. मी बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. शिवा जेवण करून दारात उभा राहिला आणि म्हणाला, “अक्का, कंडेन्सरवरचा तो बारीक रेझिस्टर काढला तर त्याची कपॅसिटी कमी होते का?” माझ्या हातातल्या पेपरात तोच प्रश्न होता, धारकता कोणकोणत्या घटकांवर अवलंबून असते. मुलीनं तिन्ही घटक बरोबर लिहिले होते. मी त्यावर टिक करता करता म्हणाले, “नाही. क्षेत्रफळ, अंतर आणि मधला पदार्थ. रेझिस्टरचा कपॅसिटीशी काही संबंध नाही.” तो “बरं” म्हणून गेला.

माझं उत्तर बरोबर होतं. रेझिस्टर कशासाठी असतो हे त्यानं विचारलं नव्हतं, आणि मी मान वर करून बघितलं नव्हतं.

“असे किती डबे दिलेस?”

“सतरा.”

तो स्टुलावर बसला. “अक्का, म्या कुटं पळून चाललो न्हाय. पण आता पोलिसात गेलो तर मला आत घेतील. मग डबे कोण नीट करणार? कुणाच्या कुठल्या विहिरीवर हाय ते मलाच ठाव हाय. कागुद न्हाई, काय न्हाई. परवा परत लाईट जाईल, परत कोणतरी झाकण काढंल. मला दोन दिस दे. सगळे नीट करतो आन् मग मी सोता ठाण्यात जातो.”

“लोकांना नुसतं सांगितलं तर? डब्याला हात लावू नका म्हणून?”

“का, म्हणून इचारतील. मग काय सांगू?”

त्याचा मुद्दा मला बरोबर वाटला. अजूनही तो पूर्ण चुकीचा वाटत नाही. म्हणून मी तो जास्त तपासला नाही.

शुक्रवारी सकाळी मी कॉलेजात पोचले तेव्हा महांतेश फाटकाशी सायकल धरून उभा होता. तो उमरग्याकडचा. दोन वर्षांपूर्वी कंत्राटावर इथं आला. त्याच्या बोलण्यात कानडी हेल होता आणि पोरं त्याची नक्कल करायची. तोही हसायचा.

“मॅडम, तुम्ही सांगा की लोकांला,” तो म्हणाला. “तुमचं ऐकतात. मी खांबावर होतो. तारेला हात लावून फांदी काढत होतो. लाईन सोडली असती तर आधी मीच पडलो असतो की. हे कुणीच का समजत नाही?”

“लोक काय म्हणतात?”

“म्हणतात, तू चहाला उतरला होता, तेव्हा सोडली. सबस्टेशनच्या वहीत लिहिलेलं आहे, दहाला बंद, दहा पन्नासला चालू. तर म्हणतात वही तुमचीच, पेन तुमचाच.” त्यानं सायकल फाटकाला टेकवली. “हॉटेलात चहा देत नाहीत मला. कालपासून. असू दे, चहाचं काय. पण उद्या तपासणीला साहेब येणार आहेत, आणि मला तिथं यायला सांगितलंय. त्या लोकांच्या समोर.”

“साहेब मीटर लावून बघतील,” मी म्हणाले. “खरं काय ते निघेल.”

“निघेल ना, मॅडम?”

“निघेल.”

पहिल्या तासाची घंटा झाली होती. मी आत गेले.

त्या दिवशी दुपारी मी शिवाच्या दुकानात हिशोब मांडला. बहात्तर मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, सहाशे बावीस व्होल्ट शिखर. मिनिटाभरात पन्नास व्होल्टच्या आत यायला प्रत्येकावर तीनशे तीस किलो-ओहम लागतो. पाव वॅटचा जळणारच, किमान एक हवा, मी दोन वॅटचे ठरवले. शिवा ते धाराशिवहून घेऊन आला. सतरा डबे, प्रत्येकी पाच. मी पंच्याऐंशी रेझिस्टर मोजले, पाय वाकवून सारखे केले आणि पाच पाचाच्या पुड्या बांधल्या. सतरा पुड्या. शिवा त्या मोटारसायकलच्या डिक्कीत घालून, बॅटरीवरचं डाग द्यायचं, सोल्डरिंगचं यंत्र घेऊन गेला.

गोरोबाचा डबा त्या सतरांत होता. मोजताना माझ्या ते लक्षात यायला हवं होतं.

शनिवारी अकराच्या सुमारास विद्युत निरीक्षक आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ, हातात चामडी पेटी. एक कारकून आणि एक हवालदार बरोबर होते आणि त्यांच्या मागं महांतेश. विहिरीवर चाळीसएक माणसं जमली होती. रामकिसन पुढं होता. नागूबाईला बायकांनी धरून आणलं होतं. शिवा पाइपांच्या ढिगाजवळ उभा होता. मी त्याला विचारलं, “किती झाले?” तो म्हणाला, “अकरा. बाकीचे आज रातच्याला व्हतील.”

मला तेवढंच ऐकायचं होतं. आता साहेब डबा उघडतील, कापलेले पाय बघतील, कारण सांगतील. मला वाटलं, मला बोलावंही लागणार नाही.

निरीक्षकांनी आधी तार लावलेल्या काठीनं टोकं जोडून डबा रिकामा असल्याची खात्री केली. मग एकेक कंडेन्सर सोडवून मीटरवर धरला आणि आकडे मोठ्यानं सांगितले. कारकून लिहून घेत होता. एकोणपन्नास. बावन्न. सत्तेचाळीस. एक्कावन्न. पन्नास.

“बहात्तरचे एवढे उरलेत,” ते म्हणाले. “उन्हात टांगल्यावर काय होणार. मोटर उचलणार नाही यानं.” मग त्यांनी मान जवळ नेली. “डिस्चार्ज रेझिस्टर आहेत. पाचही.”

मी दोन पावलं पुढं झाले. होते. पाचांच्याही टोकांवर, सारखे पाय वाकवलेले, मीच वाकवलेले. शिशाचा डाग आरशासारखा चकाकत होता.

निरीक्षकांनी त्यांचं मोजमाप घेतलं आणि मान हलवली. “बरोबर आहेत. म्हणजे आत भार राहत नाही. मिनिटात उतरतो. आणि बाई म्हणतात डबा दहा मिनिटांनी उघडला.”

“म्हंजे काय, साहेब?” रामकिसननं विचारलं.

“म्हणजे सप्लाय बाहेरून आला असला पाहिजे.”

समोर जे होतं त्यावरून ते वाक्य बरोबर होतं. त्यांनी ते कारकुनाकडं बघत, लिहून घेण्यासाठी म्हटलं. त्या वेळी मी शिवाकडं बघत होते. त्यानं मान खाली घातली होती. आता बोल, असं मी मनात म्हणत होते. कुणाला म्हणत होते, ते मला आज सांगता येणार नाही. त्याला की मला.

“ऐकलं का रं?” रामकिसन ओरडला. त्याच्या हातात काळ्या पाइपाचा तुकडा कधी आला ते मी पाहिलं नाही. महांतेश “साहेब, वही बघा, वही...” असं म्हणत मागं सरकला. हवालदार मधे पोचेपर्यंत तीन फटके बसले होते. दुसरा डाव्या डोळ्यावर बसला. तो आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा होता. महांतेश खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तसाच राहिला. बोटांमधून रक्त येत होतं.

तेव्हा मी बोलले.

“साहेब, ते रेझिस्टर काल लावलेत.”

निरीक्षक वळले. “तुम्ही कोण?”

“वर्षाराणी. इथं कॉलेजात फिजिक्स शिकवते. गुरुवारी मी हा डबा उघडून पाहिलाय. तेव्हा ते नव्हते. डाग नवा आहे, बघा. खाली जुन्या रेझिस्टरचे कापलेले पाय अजून आहेत.”

त्यांनी भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं.

“कुणी लावले?”

“माझ्या भावानं. आधीचे काढलेही त्यानंच. त्यानं बटनावरचे कंडेन्सर रेझिस्टरशिवाय दिले होते. गोरोबानं दोनदा बटन दाबून सोडलं, तेव्हा ते भरले आणि भरलेलेच राहिले.”

“आवं मॅडम,” मागून कुणीतरी म्हणालं, “लाईट गेल्यावर कसा काय ऱ्हाईल करंट? काय बी सांगताय.”

“राहतो,” निरीक्षक म्हणाले. “तासभर राहतो.”

नागूबाईनं बायकांचे हात सोडवले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “बाई, लाईट आली न्हवती?”

“नाही.”

“ह्या पोरानं सोडली न्हवती?”

“नाही, नागूबाई.”

ती रामकिसनकडं वळली. “भावजी, मग तुमी कुणाला मारलं?”

रामकिसननं पाइप टाकला नाही. तो तसाच हातात धरून उभा राहिला. हवालदारानं तो काढून घेतला. शिवाला धरावं लागलं नाही. तो स्वतःच जीपकडं चालत गेला, आणि जाता जाता उरलेल्या विहिरींची नावं कारकुनाला सांगत होता. अक्का म्हणाला नाही. माझ्याकडं बघितलं नाही.

ठाण्यात माझा जबाब घ्यायला दोन तास लागले. निरीक्षक शेजारी बसले होते. डब्यात साठलेली ऊर्जा मी आधी सत्तर ज्यूल सांगितली होती, ती कंडेन्सरवर छापलेल्या बहात्तरच्या आकड्यावरून काढलेली होती. त्यांच्या मोजमापाप्रमाणे बेरीज दोनशे एकोणपन्नास होते, म्हणजे अठ्ठेचाळीस ज्यूल. मी ते दुरुस्त करायला लावलं. दोन हातांमधून, छातीतून जायला तेवढेही पुरतात.

शेवटी मी डिसेंबरमधला प्रसंग सांगितला. लिहिणाऱ्या हवालदाराला तो नीट कळेना. त्यानं निरीक्षकांकडं बघितलं.

“रेझिस्टर काढल्यानं कपॅसिटी कमी होत नाही, असं तुम्ही म्हणालात?” निरीक्षकांनी विचारलं.

“हो.”

“हे तर बरोबरच आहे, मॅडम.”

“हो.”

“मग यात लिहिण्यासारखं काय आहे?”

“त्यानं मला विचारलं होतं,” मी म्हणाले. “लिहा.”

हवालदारानं लिहिलं. मी वाचून सही केली. ‘रेझिस्टर’ शब्द त्यानं तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिला होता. घरी आले तेव्हा आईनं दार उघडलं आणि आत गेली. त्या दिवसापासून ती माझं ताट वाढून ठेवते आणि बाहेर जाऊन बसते.

सोमवारी मी धाराशिवला सिव्हिलमध्ये गेले. उरलेले सहा डबे रविवारी निरीक्षकांच्या माणसांनी उतरवून नेले होते. महांतेशचा डावा डोळा वाचला नव्हता. तो झोपला होता, अर्ध्या डोक्याला पट्टी. शेजारी फरशीवर त्याची आई बसली होती, रुद्रम्मा. कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीवर स्टीलचा डबा.

“तुमी कोण मा?”

“मी बेंबळीची. ज्यानं तो डबा केला, त्याची बहीण.”

“तुमीच सांगितलं म्हणं पोलिसाला.”

“हो.”

तिनं पलंगाखालचं स्टूल ओढून माझ्यापुढं केलं. “बसा. चांगलं केलं मा. सोताच्या भावाचं नाव कोण घेतंय? तुमी न्हाय बोलला तर माझ्या लेकरावर नाव ऱ्हायलं असतं जल्मभर. डोळा गेला तर गेला, नाव तरी...” तिनं पदरानं नाक पुसलं आणि डबा उघडून माझ्यापुढं धरला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. “खावा थोडं. लांबनं आलाव.”

“मला आधीच कळलं होतं,” मी म्हणाले. “गुरुवारी संध्याकाळी.”

तिचा हात तसाच पुढं राहिला. ती बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत गेली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तिसऱ्या पेरावर अंगठा थांबला. मग तिनं डब्याचं झाकण लावलं.

“त्याला सांगा,” ती म्हणाली. “मी न्हाय सांगणार. तुमच्या तोंडानं सांगा.”

मी बसून राहिले. अर्ध्या तासानं महांतेश हलला. उघड्या डोळ्यानं आधी आईला शोधलं, मग मला पाहिलं.

“महांतेश,” मी म्हणाले, “लाईन बंद होती.”

“ते मला ठाऊक आहे की, मॅडम.”

“मला गुरुवारीच कळलं होतं. मी शनिवारपर्यंत बोलले नाही. भाऊ बाकीचे डबे नीट करत होता, म्हणून.”

औषधाची बाटली टांगलेल्या दांड्याला कुणाचा तरी धक्का लागला, ती हलली, थांबली.

“झाले का नीट?” त्यानं विचारलं. “डबे?”

“हो. अकरा नीट केले, उरलेले उतरवले.”

“कोणाला काही झालं नाही ना मधल्या काळात?”

“नाही.”

“बरं झालं,” तो म्हणाला आणि डोळा मिटला.

रुद्रम्मा उठून उभी राहिली. “डबं इचारतोय,” ती म्हणाली, त्याला नाही, मला नाही, खिडकीकडं बघत. “डोळा गेलाय आन् डबं इचारतोय.” मग माझ्याखालच्या स्टुलाला हात लावून म्हणाली, “उठा मा. आता डाक्टर येत्याल.”

डॉक्टर इतक्यात येणार नव्हते. मी उठले.